इमान मोडलं ती सुगी

भात कापायला आलं की मळवलीच्या शिवारात एक वास सुटतो. इंद्रायणीचा हा वास ताटातल्या भाताचा नव्हे. त्यात ओलसर पेंढा असतो, बांधावरचं वाळत चाललेलं गवत असतं, दंवाने भिजलेली माती असते. शाळेत शिकवत होते तेव्हा मी मुलांना दरवर्षी 'सुगीचे दिवस' हा निबंध घालायची, आणि दरवर्षी 'शेतकरी आनंदाने नाचू लागतो' हे वाक्य लाल पेनने खोडायची. कापणीच्या दिवसांत नाचणारा माणूस मी तरी मावळात पाहिलेला नाही. त्याची कंबर धरलेली असते आणि संध्याकाळी त्याला अंघोळीला कढत पाणी हवं असतं. यंदाही तो वास सुटला. मी बांधावर जाऊन उभी राहिले, आणि मला पेंढ्याच्या आधी रॉकेलचा वास आला. आसपास रॉकेल कुठेच नव्हतं.

तो वास आण्णांचा. आण्णा म्हणजे माझे वडील. हवाई दलात फिटर होते. लढाऊ विमानाचा सांगाडा, पंख, पायलट बसतो ती जागा, तिथल्या दांड्या आणि तारा हे सगळं जागच्या जागी आहे ना, हे बघणं त्यांचं काम. मळवलीच्या बौद्धवाडीतला हा मुलगा अठराव्या वर्षी भरती झाला आणि अर्धं आयुष्य विमानांच्या पोटाखाली काढून परत आला. कोणत्या बनावटीची विमानं, कोणता तळ, कोणता साहेब, यातलं घरात एक अक्षर नाही. "ते आपून सांगायचं न्हाई," एवढंच. निवृत्त होऊन कित्येक वर्षं झाली तरी आईने सहज विचारलं, तर हे असे गप्प व्हायचे की जणू तीच शत्रूची हेर.

माझं लहानपण हवाई दलाच्या क्वार्टर्समध्ये गेलं. विमान उडालं की मांडणीवरची ताटं थरथरायची आणि आई दुधाच्या पातेल्यावरचं झाकण हाताने दाबून धरायची. ती मोजायची. भाजी फोडणीला टाकता टाकता, धुणं वाळत घालता घालता. चार गेली. दोन आली. तिसरं आलं. चौथं येईपर्यंत ती माझ्या बोलण्याला नुसतं 'हं' म्हणायची. मग चौथ्याचा आवाज यायचा आणि घरात पुन्हा बोलणं सुरू व्हायचं. संध्याकाळी आण्णा सायकलवरून यायचे. विमानाच्या इंधनाला रॉकेलसारखा वास असतो आणि तो साबणाने जात नाही. पुढे बरीच वर्षं मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांना असा वास येतो.

त्यांच्या कामाच्या जागी हत्यारांचा एक फळा असायचा. पाना, पक्कड, पेचकस, प्रत्येकाची आकृती त्यावर काळ्या रंगाने काढलेली. हत्यार त्याच्या आकृतीवरच टांगायचं. काम संपलं की फळा बघायचा. एक जरी काळी आकृती उघडी दिसली, तर विमान जागचं हलायचं नाही. आत राहिलेला बोटाएवढा पाना पायलटच्या पायाखालच्या दांड्यांत अडकला, तर विमान वळायचं तिथे वळत नाही. आण्णांनी ही शिस्त घरी आणली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर फळी ठोकली आणि तिच्यावर लाटणं, झारा, सांडशी, किसणी यांच्या आकृत्या रंगवल्या. जेवायला बसायच्या आधी ते भिंतीकडे बघून म्हणायचे, "झारा कुटं हाय?" आई म्हणायची, "कढईत हाय. उडतंय का तुमचं जेवान?" आण्णा हसायचे, पण झारा भिंतीवर गेल्याशिवाय घास घ्यायचे नाहीत.

आणि त्या फळ्याच्या वर होती सही. काम झालं की आण्णा एका वहीत सही करायचे: तपासलं, सगळं ठीक, आत काही राहिलेलं नाही. त्यांच्या सहीखाली पायलट सही करायचा आणि शिडी चढायचा. "साहेब विमान बघत न्हाई," आण्णा म्हणायचे, "सही बघतो." कामाबद्दल त्यांनी आम्हाला सांगितलेलं हे एवढंच. ते सांगताना मात्र त्यांची पाठ ताठ व्हायची.

दोन वर्षांपूर्वीची सुगी. आई जाऊन बराच काळ लोटला होता. आण्णा पंच्याहत्तरीच्या पुढे, छातीचं दुखणं मागे लागलेलं, तरी घरची दोन खाचरं स्वतः करायचे. भात पिवळं होऊन माना टाकायला लागलं होतं. गाव आण्णांना भाऊ म्हणायचं. तेवढ्यात गावातला टेम्पोवाला अंगणात गाडी थांबवून ओरडला, "भाऊ, तुमची इमानं आल्यात की उर्शाला! बबनशेटच्या भंगारात. मोडायला आणल्यात म्हनं."

आमच्याकडे विमानाला इमान म्हणतात. शाळेत मी हा शब्द किती पोरांच्या वह्यांत दुरुस्त केला असेल, 'इ' खोडायचा, वर 'वि' लिहायचा, शेजारी शेरा मारायचा. त्या दिवशी नाही केला. आण्णांनी हातातला विळा खाली ठेवला आणि म्हणाले, "सुजा, गाडी काढ."

मला दिवाळीची सुट्टी होती. निवृत्तीच्या आधीची माझी ती शेवटची दिवाळीची सुट्टी. मी स्कूटर काढली.

बबनशेठचं यार्ड उर्से टोलनाक्याच्या पलीकडे. पत्र्याचं कुंपण, आणि कुंपणाला लागून भाताची खाचरं. आत तीन विमानं पडली होती. पडली होती असंच म्हणायला हवं. पंख वेगळे करून बाजूला रचलेले, चाकं नाहीत, इंजिन आणि आतली यंत्रं सरकारने आधीच काढून घेतलेली. पोटावर झोपवलेली ती लांब शरीरं, आणि त्यांच्यावर माणसं कुऱ्हाडी घालत होती. अल्युमिनियमवर कुऱ्हाड पडली की ठण् होत नाही, धप्प आवाज होतो. कुंपणापलीकडे बायका-माणसं भात झोडत होती. पेंढी फळीवर आपटल्याचा आवाजही तसाच. काही वेळाने कोणता आवाज कुठून येतोय, तेच मला कळेना.

आण्णा पहिल्या विमानाच्या नाकापाशी गेले आणि डाव्या बाजूने चालायला लागले. एक हात पत्र्यावर, सावकाश, जिथे झाकण असेल तिथे थांबून. उडण्याआधीची तपासणी अशीच करतात, हे मला नंतर कळलं. तोडणारी माणसं कुऱ्हाडी टेकवून बघत राहिली. आण्णा त्यांना म्हणाले, "अरे, ह्याला कुऱ्हाड कशापाई? ह्याची झाकणं उघडत्यात."

बबनशेठ खुर्चीवरून म्हणाला, "आबा, आमाला ते उडवायचं न्हाई. इकायचंय."

तो काही वाईट माणूस नव्हता. त्याने आण्णांना खुर्ची दिली, चहा दिला, वितळवल्यावर याची पातेली होतात हेही कौतुकाने सांगितलं. मला मात्र तिथे उभं राहवत नव्हतं. ज्या वस्तूला हत्यारं मोजल्याशिवाय कोणी हात लावला नाही, तिला आता कोणीही, कसाही, हाताला येईल तिथून ओढत होता. वस्तूंबद्दल फार हळवं होऊ नये असं मी मुलांना सांगत आले. ते मला पाळता आलं नाही.

तिसऱ्या विमानाच्या शेपटीवर नंबर खरवडून टाकला होता. आण्णांनी थुंकीने बोट ओलं केलं आणि ती जागा पुसली. मग एक एक आकडा पुटपुटत वाचला. वाचून झाल्यावर ते खाली मातीतच बसले.

त्यांनी मला सांगितलं ते दुसऱ्या दिवशी, यार्डाच्या बाहेर चिंचेखाली. माझ्याकडे न बघता, रस्त्याकडे बघत.

"तू जनमलीस तवाची गोष्ट. तार आली, मुलगी झाली. मला रजा मिळाली हुती, दुपारची गाडी. सकाळी ह्याच विमानाचं काम केलं. काम झालं, फळा बघितला, तर आठ नंबरचा पाना न्हाई. समदं पालथं घातलं. न्हाई. सांगितलं असतं तर विमान थांबलं असतं, माझी रजा गेली असती. माझ्या पिशवीत तसाच एक पाना हुता, जुन्या बाजारातला. तो टांगला अन् सही केली."

"मग?"

"साहेब आला. त्यानं विचारलं, सब ठीक? मी म्हनलं, ठीक. तो चढला. मी गाडीत बसलो तवा विमान वर हुतं, सुजा. खाली आलं का न्हाई ते मला पंधरा दिवस ठावं नव्हतं. तुला मांडीवर घेतलं तवाबी ठावं नव्हतं."

विमान आलं होतं. साहेबही सुखरूप. पुढे ते विमान हाताखाली आलं की आण्णा दर वेळी आत शोधायचे. पाना काही सापडला नाही. मग त्यांची बदली झाली. साहेबांना कधी सांगितलं नाही, आईलाही नाही.

"आत असता तर काहीतरी झालंच असतं ना आण्णा," मी म्हणाले.

"तेच बघायचंय. आता ह्याचा खिळा न् खिळा सुटनार. त्या पान्यावर आमच्या हत्यारपेटीचा नंबर हाय, सतरा. सापडला तर मी खोटा. साहेबाला मरायला वर पाठवला असं हुतं. अन् न्हाई सापडला, तर माझी सही खरी हुती."

मग आम्ही रोज जायला लागलो. आण्णांनी घरून पेचकस आणला आणि बबनशेठला विचारून ते विमान स्वतः उघडायला घेतलं, एक एक झाकण, सुटलेला प्रत्येक स्क्रू डब्यात टाकत. माणसं हसायची, मग हसणं थांबलं, मग ती त्यांच्यासाठी पत्रा धरून उभी राहायला लागली. इकडे घरचं भात उभंच. दाणा गळायला लागला. शेजारच्या खाचरातल्या बाया मला बांधावरून म्हणायच्या, "ताई, भाऊंना काय झालंय? भात भुईला चाललंय की!" ज्या माणसाला भिंतीवर झारा दिसल्याशिवाय जेवण जात नव्हतं, त्याच्या शेतात पाखरं निवांत टिपत होती. शेवटी त्या बायांनीच येऊन आमचं भात कापलं. आण्णांनी कोणी कापलं हेही विचारलं नाही. मला त्यांचा राग यायचा, आणि स्कूटरवर मागे बसून ते माझा खांदा धरायचे तेव्हा तो जायचा.

यार्डात शेवंतामावशी नावाची एक बाई मालाची निवड करायची. दोरीला बांधलेलं एक लोहचुंबक ती प्रत्येक ढिगावरून फिरवायची. चिकटलं तर लोखंड, नाही तर अल्युमिनियम. दिवसभर तेवढंच.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी पायलटच्या बसायच्या जागेचा तळ राहिला होता. तो काही केल्या उघडेना, म्हणून माणसांनी तो कापला. आण्णांच्या छातीत सकाळपासून भरून आल्यासारखं होत होतं. मी त्यांना बळेच चिंचेखाली नेऊन आडवं केलं आणि म्हणाले, "मी बघते. कण न् कण बघते." परत आले तर शेवंतामावशी तळाच्या कचऱ्यावरून चुंबक फिरवत होती. धूळ, तारांचे तुकडे, वाळलेली गांधीलमाशीची घरं. चुंबकाला काहीतरी टक्कन लागलं.

"हे बगा ताई," ती म्हणाली. "तुमच्या बाबाचंच हाय का काय?"

बोटाएवढा पाना. मी पदराने पुसला. एका बाजूला आठ. दुसऱ्या बाजूला सतरा.

इतकी वर्षं तो तिथेच होता. दांड्यांच्या बाजूच्या एका खोबणीत जाऊन रुतला होता. चार बोटं अलीकडे पडला असता तर? मी चिंचेकडे पाहिलं. आण्णा छातीवर हात ठेवून पडले होते. सापडला तर मी खोटा. त्यांच्या तोंडचं हे वाक्य माझ्या डोक्यात घणासारखं पडत होतं. मला वाटलं, हे ऐकून हा माणूस इथेच जाईल.

"मावशी, आण्णांना सांगू नका," मी म्हणाले.

"का ओ? म्हातारा त्याच्याचपाई हितं येतोय न्हवं?"

"त्यांना सोसायचं नाही."

"तुमचा बाप. तुमी बगा," ती म्हणाली आणि चुंबक पुढच्या ढिगावर नेलं.

मी पाना पर्समध्ये टाकला. आण्णा उठून आले. "काय निघालं?"

"काही नाही."

"तळ बघितलास? खोबणी बघितल्यास?"

"सगळं बघितलं, आण्णा. नाही."

त्यांनी शेवंतामावशीकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही. मग ते माझ्याकडे वळले, आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल पडला. आजारी माणसाचा ताप उतरताना पडतो तसा.

दुसऱ्या दिवशी चार वाजता शाळेतून आले तर आण्णा ओसरीवर माझीच एक कोरी वही घेऊन बसलेले. पट्टीने रकाने आखले होते. विमानाचा नंबर, हत्यार, पेटीचा नंबर, आणि शेवटच्या रकान्यात त्यांच्या गोल अक्षरात: 'विमान पूर्ण सोडवून तपासले. पाना आत नव्हता.'

"सही कर," ते म्हणाले.

"मी कशाला?"

"बघनाराची आधी. मग माझी. तशीच रीत हाय."

मी सांगू शकत होते. पर्स तिथेच खुंटीला होती. हजारो प्रगतिपुस्तकांवर जी सही केली तीच मी तिथे केली, सुजाता, खाली रेघ. आण्णांनी वही स्वतःकडे ओढली आणि आपली सही केली. मग दोन्ही सह्यांवरून बोट फिरवलं. "माझ्या बापाचा अंगठा हुता," ते म्हणाले. "अन् ही माझ्या पोरीची सही."

आयुष्यात त्यांनी जाणूनबुजून एक खोटी सही केली होती. ही दुसरी, आणि ती त्यांना खरी वाटत होती.

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक पाकीट काढलं. चिकटवलेलं, तिकीट लावलेलं, घामाने कडा मऊ पडलेल्या. "साहेबाला लिवलेलं," ते म्हणाले. "लय वर्सांनी एका मेळाव्यात एकानं पत्ता दिला, तो तितंच पाकिटावर उतरवून घेतला. पाना सापडला की त्याच दिवशी टाकनार हुतो. समदं लिवलंय, माफी मागितलीय. सुटलो असतो." आणि ते हसले. "आता माफी कशाची मागायची? सही खरीच हुती की!"

परसात बंब पेटला होता. ते उठले, पाकिटाचे चार तुकडे केले आणि बंबाच्या तोंडात सारले. मी ओसरीवर बसून होते. मला हाक मारता आली असती.

तेव्हा मला कळलं, आणि मी स्वतःला आजवर माफ केलेलं नाही. मला वाटलं होतं, हा माणूस सुट्टीभर आपण निर्दोष आहोत हे शोधतोय. आण्णा तर ते पत्र टपालपेटीत टाकण्याचा दिवस शोधत होते. भात सोडून, छातीचं दुखणं घेऊन ते पाना मिळावा म्हणून आले होते. तो मिळाला, आणि मी पर्समध्ये टाकला.

ती थंडी आणि पुढचं सगळं वर्ष त्यांचं मजेत गेलं, हेही खोटं सांगत नाही. संध्याकाळची वंदना मोठ्या आवाजात म्हणायचे. गावातली माणसं म्हणायची, "भाऊ, तरनं झालात की!" मी रोज ठरवायची, आज सांगू. त्यांचं हसणं बघायची आणि उद्यावर टाकायची. यंदाच्या चैत्रात ते झोपेतच गेले. जमलेली माणसं म्हणाली, समाधानाने गेले. मी मान हलवली.

बबनशेठच्या यार्डात आता जुन्या बसगाड्या उभ्या असतात. शेवंतामावशी परवा वडगावच्या बाजारात दिसली. तिने आण्णांचं विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "सांगितलं का न्हाई मग त्यास्नी?" मी कोथिंबीर निवडत राहिले.

भात झोडायला सुरुवात झाली आहे. फळीवर पेंढी आपटली की अजून मला यार्डातली कुऱ्हाड ऐकू येते. पाना माझ्या टेबलावर आहे आणि शेजारी चार दिवसांपासून कोरा कागद. त्यावर दोन शब्द लिहून झालेत, 'आदरणीय साहेब.' आण्णांनी त्यांचं नाव कधी उच्चारलं नाही, गावही सांगितलं नाही. ते हयात असतील, त्यांनाही नातवंडं असतील, आणि आपण एका दुपारी कशावर बसून उडालो होतो हे त्यांना माहीत नसेल. मला आण्णांच्या वतीने माफी मागायची आहे आणि मग माझी स्वतःची. पत्ता त्या पाकिटावर होता.